परवा

लातूरच्या मोंढ्यात रात्री अडीचला
कुत्री जागी असतात आणि सर्व्हर.
बाहेर सोयाबीनचे ट्रक, थेट रिंगरोडपर्यंत,
चाकाखाली दगड लावून ड्रायव्हर झोपलेले.
मी आकडा बघत बसलेय.

प्रत्येक सौद्याला एक नंबर.
बोली, पट्टी, हमाली, तोलाई,
चुकून दोनदा केलेली दुरुस्तीसुद्धा
एक नंबर खाऊन जाते.
आणि हे नंबर सरळ जात नाहीत,
घाण्याच्या बैलासारखे गोल फिरतात.
मागचं अर्धं रिंगण झालेलं, पुढचं व्हायचं.
दोनशे चौदा कोटी ओलांडले
की जुना सौदा पुढे येऊन उभा राहतो
आणि वही म्हणते, हा तर अजून झालाच नाही.

आपल्याकडे तसा एक शब्द आहे: परवा.
गेलेला की येणारा,
क्रियापद आल्याशिवाय कळत नाही.
मशीनकडे क्रियापद नाही.

म्हणून जुन्याला गोठवायचं.
झालं ते झालं, आता नंबर विचारायचा नाही.
झाडणारी रोज येते,
एकेचाळीस दिवस झाले, हात न लावता परत जाते.
वर रोजमेळाच्या फायलींचा ढीग,
उदगीरच्या जोडमशीनसाठी राखलेला;
ते दसऱ्यापासून बंद.
डिस्क सत्त्याण्णव टक्के.

उदगीरचं नाव खोडलं. ढीग ओसरला.
आकडा ढिम्म.

मग सापडलं.
टेबल चार, विरूपाक्षप्पा मुनीम.
पडद्यावर फडकं, खाली डबा गुणगुणतोय.
एक व्यवहार उघडलेला, मिटवलेला नाही, रद्दही नाही.
तिथं अजून भाव त्या दुपारचाच आहे.
त्यानंतर आम्ही खोडलेली ओळन् ओळ
यंत्रानं जपून ठेवलीय,
मुनीम येऊन बघतील म्हणून.

उजाडता उजाडता पुण्याला फोन लावला,
लेकाकडे गुडघा बदलून बसलेत.
"मग तोड की," म्हणाले. "कशाची वाट बघायलीस?"
थोडं खोकले.
"परवाच तर बसलो होतो तिथं."

तोडला.
पंखे घोंघावायला लागले, आकडा हलला,
आधी कोटींनी, मग मी मोजायचं सोडलं.
चहा घेऊन बाहेर आले तर
पहिला काटा लागलेला.
मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही.
लाभ म्हणतो.