स्थानिक भाषेत

लंडनहून एका मुलीने क्लिप पाठवली आहे.
चाळीस वर्षांपूर्वीची टेप, आता धुऊनपुसून लख्ख केलेली.
विचारते, आजोबा, ही बाई काय म्हणते आहे?
आमच्या नोंदीत एवढंच आहे:
(बाई स्थानिक भाषेत बोलते.)

मी तेव्हा एकवीस वर्षांचा. मिशनच्या शाळेतलं इंग्रजी,
अंगात दुसऱ्या कुणाचा तरी कोट.
आमच्या पंचांगात ते सत्याहत्तर साल, पाहुण्यांच्या चौऱ्याऐंशी.
सात वर्षं मागे होतो आम्ही जगाच्या
आणि भूक तेवढी वेळेआधी येऊन बसली होती.

टिग्रायच्या पठारावर पहाटे थंडीने हाडं वाजतात.
कॅमेरावाला उजेडाची वाट बघत होता.
धुकं अजून थोडं राहू दे, असं तो पुटपुटला,
त्याचंही मी सवयीने भाषांतर केलं.
शेजारचा म्हातारा म्हणाला, राहील की,
त्याला कुठे जेवायला जायचंय.

मग लेतेब्रहानला पुढे उभं केलं.
कपाळावर निळ्या शाईची खूण नव्हती तिच्या,
म्हणजे आजच्या रांगेत ती नव्हती.
बातमीदार वाईट माणूस नव्हता. रात्रभर ओकत होता,
मीच पाणी दिलं होतं त्याला.
म्हणाला, विचार तिला, किती मुलं गेली.

किती.
मेंढरं मोजतात आमच्याकडे, पोती मोजतात.
त्या शब्दापाशी माझी जीभ अडली.
मी विचारलं, आई, नावं काय होती त्यांची?

तिने सांगितली.
पुढ्यात सूप असावं आणि धान्य निवडावं
तशी सावकाश, एकेक.
अब्रहेत. पाणी घेऊन येताना गायची.
कहसाय. डावा पाय जरा आत वळलेला.
गिदेय.
मग ती थांबली.
चौथा एकतीस दिवसांचा होता.
चाळिसाव्या दिवशी बाप्तिस्मा, नाव तेव्हा.

मी बातमीदाराकडे वळलो
आणि म्हणालो, चार.

त्या 'चार'ने गहू आणला, हे मी नाकारत नाही.
विमानं खाली आली, पोटं उघडून पोती टाकत गेली.
पोत्यांवर एकमेकांत गुंतलेले दोन हात,
मनगटाच्या वर कुठल्याच हाताला माणूस नव्हता.
दूरच्या गावांत लोकांनी म्हणे
ताट बाजूला सारून चेक लिहिले.
माझी धाकटी बहीण त्याच गव्हावर जगली,
आज तिची नातवंडं माझ्या खांद्यावर चढतात.
लेतेब्रहानला दुसऱ्या दिवशी खूण मिळाली का,
मला माहीत नाही.
टेप त्याच संध्याकाळी गेली,
आणि टेप घेऊन जाणाऱ्या जीपमध्ये मी होतो.

दर दहा वर्षांनी तिला दाखवतात.
मी म्हातारा झालो, ती होत नाही.
वर बातमीदाराचा भारदस्त आवाज,
खाली तिचा,
पलीकडच्या खोलीत कुणी दळत बसल्यासारखा.
या मुलीने तो वरचा आवाज खरवडून काढला आहे.
छत्तीस सेकंद.
मी कानाला लावून ऐकले, नातवंडांना गप्प बसवून.

मुलगी लिहिते, पडद्यावर एका ओळीत
बेचाळीसच अक्षरं बसतात.
बसतील, म्हटलं.
पहिली ओळ अब्रहेतची, गाण्यासकट.
दुसरी कहसायची. पायाचंही लिही,
तिने सांगितलंय ते.
तिसरी गिदेय.
चौथी रिकामी सोड.

रात्री उत्तर आलं,
यंत्र रिकामी ओळ घेत नाही, आजोबा.

बराच वेळ बसून होतो. कॉफी निवून गेली.
मग चष्मा वर सारून, एकेक अक्षर शोधत
कळवलं, असं लिही:

(बाई थांबते.)