पिवळी वायर

द्वारकेपासून आत, टायरच्या दुकानांच्या मागं
जमीरचं शटर कायम अर्धंच उघडं.
आमची बिस्किटी रंगाची झेन बघून तो म्हणाला,
काका, हिला ब्लूटूथ?
जणू मी आजोबांना बालवाडीत घालायला आणलं होतं.

म्हटलं, पुण्याला जाणं वाढणार आहे.
सिन्नर, संगमनेर, मग चाकणला ते अडकणं,
त्यात पोराचे फोन,
त्यात फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटचे.
एका हातानं स्टेअरिंग किती दिवस धरू?

त्यानं कॅसेट-प्लेअर उपटला
दाढ काढतात तसा, जरा हलवून, जरा बोलण्यात गुंतवून.
मागच्या पोकळीत निघालं
एक रुपयाचं नाणं, बडीशेप,
घोटीच्या टोलची विटलेली पावती
आणि विजूची काळी हेअरपिन.
अडकलेली कॅसेट काढायला तिनं घातली होती,
आतच गेली.
मी तेव्हा ओरडलो होतो. चांगलाच.
पिन तिनं पुसली अन् केसांत खोचली.

मग वायरी. जमीर हाताखालच्या पोराला शिकवत होता,
मी फुकटचा विद्यार्थी:
काळी अर्थची.
लाल, चावी फिरली की जागी होणार.
पिवळी मेमरीची. हिला झोप नाही.
गाडी बंद, मालक घरी,
तरी ही बॅटरीला धरून.
नाहीतर रोज सकाळी सगळं विसरेल.

माझ्या फोनला तीन टक्के उरलेले,
म्हणून विजूचा जोडला.
डॅशबोर्डमधून एक परकी बाई म्हणाली, कनेक्टेड.
विजू म्हणाली, हो गं.

सनव्हायझरपाशी वाटाण्याएवढा माइक चिकटवला.
मुंबई नाक्यापर्यंत आम्ही सनई ऐकत आलो,
स्कूटरवाले वळून बघत होते
नवरा-नवरी कुठं आहेत म्हणून.

रविवारी सोसायटीत पाण्याचा टँकर आला.
वॉचमननं हाक मारली, गाडी जरा मागं घ्या.
चावी फिरवली,
आणि गाडी बोलायला लागली
मालेगावहून, माझ्या मेव्हणीच्या, कुंदाच्या आवाजात:

"...मग सांग ना त्यांना सरळ.
सव्वीस वर्षं झाली. गच्चीत तुझा गवती चहा,
निम्म्या गल्लीच्या पोरींना तू पेटी शिकवलीस,
आणि तिथं अकराव्या मजल्यावर काय,
लिफ्टची वाट बघत बसणार?
नाही जायचं तर नाही जायचं म्हण.
विजे? ऐकतेयस ना?"

वर दुसऱ्या मजल्यावर विजू
मुक्या झालेल्या फोनला हॅलो हॅलो करत असणार.
इथं माझ्या डोक्यावर तो वाटाणा
कान देऊन.
मी श्वास धरला. नीट धरता आला नाही.
"रडतेयस का गं?" कुंदा म्हणाली.

चावी उलटी फिरवली.
आवाज जिना चढून परत गेला असेल.

टँकरवाला हॉर्नवरचा हात काढेना.
मी न्यूट्रलला टाकलं, खाली उतरलो,
वॉचमनला म्हटलं, लाव हात.
दोघांनी ढकलत गाडी मागं घेतली,
तिचा फोन सुरू होता तोवर.
काय झालं काका, बॅटरी?
हो, म्हटलं, बॅटरीच.

संध्याकाळी ती भाजी निवडत होती.
म्हटलं, एजंटला फोन करायचाय.
गंगापूर धरणापर्यंत जाऊ, गाडीतूनच करतो,
तू पुढं बस.
ती म्हणाली, इथूनच करा की.
नको, म्हटलं. तिथून दोघांचंही ऐकू जातं.

तिनं माझ्याकडं बघितलं,
मेथीची काडी हातात तशीच.
मग काही न बोलता
पायानंच चपला शोधायला लागली.