मधला आकडा

माझ्या दुकानापुढे डांबर संपतं.
संपतं म्हणजे उंदराने कुरतडल्यागत तुटतं,
आणि तिथून तांबडी वाट काजूंमधून
सड्यावर चढते, चिरेखाणींकडे.
त्या तुटक्या काठावर माझा कॉम्प्रेसर,
पाण्याचं अर्धं पिंप, दोन पहारी,
आणि पत्र्यावर माझ्याच हातचं अक्षर: हवा.
'पंक्चर' लिहायला रंग पुरला नाही.

सकाळी गाड्या रिकाम्या वर जातात
तेव्हा मी हवा काढतो.
हवावाला म्हणजे भरणारा असं लोकांना वाटतं;
निम्मा दिवस मी सोडतच असतो.
नळीच्या तोंडाशी अंगठ्याचं नख,
आणि कालची शिळी, रबराच्या वासाची हवा
मनगटावरून गार निघून जाते.
एकशे दहावरून ऐंशी.
गच्च भरलेला टायर कातळावर नाचतो,
धार दिसली की छाती काढून जातो
आणि फाटतो.
ऐंशीतला जरा बसतो, पोट टेकतो,
दगडाला विचारत विचारत चढतो.

संध्याकाळी त्याच गाड्या
तीनशे तीनशे चिरे घेऊन उतरतात, लाल, कण्हत.
आधी जोडचाकांच्या बेचक्यात पहार घालायची,
अडकलेला दगड काढायचा,
मग ठोकून ऐकायचं. टण् असेल तर ठीक.
ढब् वाजलं तर आतला गेलेला.
मग पुन्हा एकशे दहा,
कारण पुढे राजापूर, पुढे अणुस्कुरा,
आणि डांबरावर मऊ टायर
कुशीतून तापतो, बाहेरून कळत नाही.

सिदराम नवा. विजापूरकडचा. मालकाची गाडी, मालकाचा फोन.
म्हणाला, मामा, मधला आकडा सांगा ना एक.
पंच्याण्णव घाला. दोनदा थांबणं परवडत नाही.
दाऊद फणसोपकर बाजूलाच विडी ओढत होता,
एकतीस वर्षं चिरा वाहिलेला माणूस.
मधला रस्ता खंय आसा रे, म्हणाला,
आणि विडीच्या टोकाने दाखवला
डांबराचा काठ.
मी ऐकलं. तरी पंच्याण्णव घातली.
माझीही कंबर दुखत होती, खोटं कशाला बोलू.

महिनाभर काहीच झालं नाही.
तेच वाईट झालं.
सिदराम हात हलवून पुढे जायचा
आणि मीही हात हलवायचो.

घाटात, डाव्या अंगाचा, आतला.
माणूस वाचला. गाडी कड्याला घासून थांबली.
चिरे मात्र वळणभर सांडले,
आणि सिदराम दोन रात्री त्यांच्या राशीवर बसून होता,
कुणी नेऊ नयेत म्हणून.
मोजले तर बावीस कमी, म्हणे.
मालकाने पगारातून कापले.

मला तो काही बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

माझा काटा एकदा पिंपात पडलाय,
तेव्हापासून तीन पौंड जास्त दाखवतो.
हे कुणाला माहीत नाही, मी मनात वजा करतो.
परवा सिदरामला सांगून टाकलं.
त्याने काटा हातात घेतला, उलटासुलटा केला,
परत दिला.

आज तो साडेपाचला उतरला.
काट्यावर पंच्याण्णव. पंच्याण्णवच, बघा.
म्हणाला, एवढी कशी? ऐंशीच होती ना सकाळी?
म्हटलं तीन माझे, बाकीचे उन्हाचे आणि ओझ्याचे.
तापल्या टायरला खरं बोलता येत नाही.
आत्ता भरली तर रात्री घाटात गार होऊन कमी पडेल.
बस. निवू दे.

बसलो दोघं एका फुटक्या चिऱ्यावर.
त्याने फोन उपडा ठेवला.
खाली नाट्याच्या बाजूला खाडीत
एक होडी वाळूवर टेकलेली, भरतीची वाट बघत.
चहा आला, संपला.
सिदरामने उठून टायरला तळहात लावला,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा,
आणि मान हलवली.

अजून नाही.