सातवा रकाना

अझैबाला, पेट्रोलपंपामागच्या गल्लीत
ती शाळा म्हणजे खरं तर एक बंगला.
पाटी एवढी लहान की आम्ही दोनदा पुढे गेलो.
वृषाली म्हणाली, शाळा असती तर बस दिसली असती ना.

आत पपईचं झाड. एक शेळी, दोरी सैल.
मुलं पीठ मळत होती, कोपरापर्यंत पांढरी.
चौथीपर्यंत पुस्तक नाही, परीक्षा तर नाहीच,
नूरा बाई सांगत होत्या, अनवाणी उभ्या राहून,
आणि मी मनात फीला बारानं भागत होतो.
रियालमधला आकडा नेहमी गरीब दिसतो,
म्हणून सवयीनं रुपयांत गुणून बघतो,
मग घाम येतो.

मी एसीच्या डक्टची ड्रॉइंग काढतो.
कुठल्या खोलीला किती हवा लागेल
मला मिलिमीटरमध्ये सांगता येतं.
शर्विलला किती लागते, ते नाही.

आत्ताच्या शाळेत वर्गात त्रेचाळीस.
बस सहा-दहाला, झोपेतच मोजे.
डबा तसाच परत येतो, वहीत तोच शेरा:
बोलत नाही.
घरी बोलतो की.
सिंकच्या नळाशी बोलतो.
लिफ्टच्या प्रत्येक बटणाला त्यानं नाव दिलंय,
चौथा मजला म्हणजे भुसावळ.
आम्ही रोज भुसावळला उतरतो.

इस्लामपूरहून अण्णा म्हणाले,
खेळायला पैसे भरतोस? अंगणात फुकट आहे इथं.
ऑफिसात कुरियन म्हणाला,
उद्या व्हिसा संपला तर गावाकडची कुठली शाळा
हा दाखला घेईल?
त्याचंही खरं. ईदनंतर अकरा जण गेले.
त्यांच्यातली एक गाडी अजून पार्किंगमध्ये आहे,
काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटानं
हसरा चेहरा काढलाय.

आणि बंगल्याच्या फाटकाशी तो दहा वर्षांचा मुलगा,
पाटीवरचं एकेक अक्षर बोटानं चाचपत.
त्याची आई हसली: वेळ आली की वाचेल.
गाडीत बसल्यावर वृषाली बराच वेळ गप्प,
मग म्हणाली, ज्यांच्या पासपोर्टला घाई नसते
त्यांच्याकडे वेळ असतो.

एक दिवस बसवून पाहिलं त्याला तिथं.
काय केलंस?
शेळीजवळ बसलो.
काही बोललास का?
तिनं काही विचारलं नाही.
मग जेवताना, भात चिवडत:
बाबा, तिथं घंटाच नाही. संपलं ते कसं कळतं?
कळतं, म्हणालो.
दोन वर्षांसाठी आलो होतो मस्कतला.
तेरावं चालू आहे.

रात्री फॉर्म भरायला घेतला.
नाव, रक्तगट, रेसिडेंट कार्ड, सगळं तोंडपाठ.
सातवा रकाना:
मूल वेळ विसरतं तेव्हा काय करत असतं?
पेन तिथंच.
वृषालीला माहीत होतं, तिच्या पाठीवरून कळत होतं,
पण ती भांडी विसळत राहिली.
तू बघ, म्हणाली. तुला शुक्रवार असतो.

शुक्रवारी झोप सोडून
बाल्कनीच्या दारात बसलो, पेपर आडवा धरून.
तो उकिडवा, एसीच्या पाइपखाली बादली,
हनुवटी गुडघ्यावर.
बाहेर डोंगर नुसते तापत होते.
अर्धा तास तो हलला नाही.
आमच्या धंद्यात या पाण्याला किंमत नाही,
ड्रॉइंगवर एक तुटक रेघ, बस्स.

काय बघतोस रे?
थेंब, म्हणाला. वर न बघता.
आधी तो जाड होतो, बाबा.
मग थांबतो.
मग ठरवतो.

सरक जरा, म्हणालो.
पुढचा एक बघू या म्हणून बसलो,
मग त्याच्या पुढचा.
फॉर्म आत टेबलावर, पंख्याखाली, मिठाच्या बरणीनं दाबलेला.
बादली भरत आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं,
आणि इस्लामपूरला फोन करायचा
राहिला होता.