चौथी जागा

रात्री दोन वाजता माझी स्क्रिप्ट
लिएपाया बंदराच्या डेटाबेसातल्या
एका जुन्या प्रोसीजरला हाक मारते.
नावानं. एक अक्षर लहान-मोठं झालं
तरी ती ओ देत नाही.

सोबत तीन गोष्टी द्यायच्या: बोटीचा क्रमांक,
वजन, धक्क्याला लागून झालेले तास.
चौथी जागा रिकामी.
शेजारी विरजण मागायला वाटी पाठवावी, तशी.
पहिला आठवडा मी त्याच वाटीत डोकावत राहिलो.
कोरडी ठाक.
मग कळलं, पाठवलेली वाटी भरतच नसते;
भरून येते ती दुसरी, तिच्यासारखी दिसणारी.

आत काय शिजतं ते बाहेरून दिसत नाही.
ते झिद्रा स्ट्राउटमाने यांनी रचलं,
मी बोलायला शिकत होतो त्या वर्षी.
गुंटार्स म्हणाला, काढून टाक ते जुनं,
पायथॉनमध्ये चाळीस ओळींत होईल.
झालंही. एकोणचाळीस.
दहा हजार बिलं दोन्हीकडून काढली,
ताडून पाहिली, सेंटाला सेंट जुळलं.
अडलं एका बोटीपाशी. क्रमांक चारशे सतरा.
माझं उत्तर एकशे बारा युरो.
तिचं, शून्य.
तेही फक्त नोव्हेंबरात.

तेव्हा मी झाकण उघडलं.
सहाशे ओळी, लॅटव्हियन आणि रशियन नावांची सरमिसळ,
आणि मधेच, एका जर-तरच्या डोक्यावर:
'त्या रात्री हिनं चौघांना परत आणलं.
लेखापरीक्षकाला म्हणावं, मला फोन कर.'
खाली नंबर. इतक्या कमी आकड्यांचा
की आता लागणारच नाही.
लाट्सचे युरो झाले
तेव्हाही कुणी ही ओळ हलवली नाही.

चारशे सतरा केव्हाच भंगारात गेली.
तो क्रमांक आता एका पांढऱ्या शिडाच्या बोटीला आहे,
मालक क्लायपेडाचा कुणी दंतवैद्य.
दर नोव्हेंबरात त्याला शून्याचं बिल जातं
आणि तो, शहाणा माणूस, काही विचारत नाही.

माझ्या एकोणचाळीस ओळी बाजूला ठेवल्या.
गुंटार्सला म्हटलं, जुनंच वेगात चालतं.
खरंही आहे ते, थोडंसं.

रात्रीचे दोन. बाहेर समुद्राचा वारा, खिडकी खडखडते.
क्रमांक, वजन, तास,
आणि चौथी जागा.
कमिट म्हणेपर्यंत काहीच घडलेलं नसतं.
म्हणतो.