अकरा मिनिटं

आमच्या बाल्कनीत सरळ ऊन येत नाही.
येतं ते समोरच्या टॉवरच्या काचेवर आपटून,
चार वाजून दहा मिनिटांनी,
वापरलेलं, तरी चांगलं.
शारजाहच्या या गल्लीत सगळंच आधी कुणीतरी वापरलेलं :
फ्रीज, गादी, मुलाची सायकल.
मग ऊन का नको?

अकरा मिनिटं मिळतात.
त्याआधी इस्त्रीच्या टेबलावर पांढरी चादर,
उजेड परतवायला बिर्याणीच्या ट्रेचं झाकण,
आणि मधोमध गंजिफाचा पत्ता.
चिंचोक्याची खळ, रंग, वर लाखेचं रोगण.
एक मासा काढायला मला दोन रात्री लागतात,
त्याचा फोटो काढायला आठवडा.

कारण रोगण फार प्रामाणिक.
समोर येईल ते दाखवतं :
मत्स्यावतारात एसीचं खोकं,
वराहाच्या सुळ्यावर माझं नाक,
कूर्माच्या पाठीवर वाळत घातलेली विश्रामची डांगरी.
तिरकं धरावं तर वर्तुळाचं अंडं होतं.

मापासाठी शेजारी एक दिरहम ठेवते, सुरईवाला.
अजमानच्या एकीनं विचारलं, नाणं सोबत मिळेल?
म्हटलं, मिळेल. एक दिरहम जास्त पडेल.

मार्चमध्ये तीन दिवस धूळ उडाली.
समोरच्या काचेवर बसली, आणि माझं ऊन
गाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखं झालं.
फोनमध्ये किती ओढाताण केली;
निळा सावरला की लाल रुसायचा.
विश्राम म्हणाला, गोल दिवा घेऊ.
घेतला.
दहाही अवतारांच्या छातीवर एकेक पांढरं कडं.
परत केला.

मग गुरुवारी गच्चीवरून दोराला एक माणूस उतरला,
बादली, रबराची पट्टी, डोक्याला गमछा.
चार वाजून बारा.
मेल्या, आत्ताच?
त्याची सावली बरोब्बर माझ्या चादरीवर.

त्यानं पट्टी वरून खाली ओढली
आणि उजेड टर्रकन फाटला.
एक लख्ख रेघ,
तिच्यात माशाचा डोळा.
मी बटण दाबलं. दाबत राहिले.
एकदा त्याची पट्टी, एकदा माझं बोट.
चार एकवीसला तो सहाव्या मजल्यावर सरकला,
ऊनही त्याच्यामागून गेलं.

त्यातलाच एक फोटो टाकला.
गोल गोलच होता, लाल लालच.
फुजैराहच्या एका बाईंनी मासा मागवला.
पत्ता पत्त्यावर पोचला,
दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप :
सुंदर आहे. पण फोटोत
माशाच्या पोटात एक माणूस लोंबकळत होता.
तो यात का नाही?

फोटो मोठा करून पाहिला.
होता. चिंचोक्याएवढा, दोरासकट.

काय लिहू?
त्याचं नाव मला माहीत नाही,
आणि तो मी हातानं काढलेला नव्हता.

निरोप तसाच ठेवलाय.
दुसरा मासा रंगवायला घेतलाय.
पोटात थोडी जागा सोडली आहे.