परतीची नळी

कुडचड्याचा पूल ओलांडून सावर्ड्याच्या वाटेला लागलं
की डाव्या हाताला माझं गॅरेज.
पत्रा खाणीच्या काळातला,
तांबडी धूळ अजून खिळ्यांच्या डोक्यांवर बसलेली.

प्रेसिल्दा बाय आली ती वासासकट.
चुलीवर तेल विसरून कुणी नेवऱ्या करायच्या सोडून
शेजारणीशी बोलत बसावं, तसा वास.
आठवड्यातून दोनदा अनमोड घाट,
मागे बर्फाच्या पेट्या, बेतूलची सुंगटं,
बेळगावची दोन हॉटेलं वाट बघणारी.
"नळी गेल्याच महिन्यात बदलली," ती म्हणाली,
"निळी. महागातली. सिलिकॉनची."

निळी होतीच.
आणि रात्रभर भिजवलेल्या वालासारखी फुगलेली.
बोट फिरवलं तर सालीला घाम,
खाली टर्बोच्या तापल्या कवचावर
एकेक थेंब काळा होऊन बसलेला.

सिलिकॉन वाईट नाही, बाय.
पाण्याला दे, वर्षानुवर्षं बोलणार नाही.
पण तेल तिच्या अंगात शिरतं,
पाव्हणा म्हणून येतं आणि भिंती मऊ करतं.

आमचा कायतान मेस्त कंपनीच्या कागदावर कधी गेला नाही.
नळीचा तुकडा कापायचा,
करवंटीत इंजिनचं तेल घालून त्यात बुडवायचा,
करवंटी भट्टीजवळच्या फळीवर.
आठ दिवसांनी अंगठ्याने दाबून म्हणायचा,
"पळे, हें आतां सांगता."
दाबलेलं परत वर आलं तर घ्यायचं.
नाही आलं तर करवंटीसकट माडाखाली.

येणाऱ्या तेलाला मी पोलादी जाळीची दिली, आत टेफ्लॉन,
बोटाएवढी बारीक, दाबाची सवय असलेली.
तिथे कुणी कंजुषी करत नाही.
कंजुषी करतात ती परतीच्या नळीत.
दाब नाही तिच्यात, नुसता उतार.
काम झालेलं, भाजलेलं, फेसाळलेलं तेल
स्वतःच्या वजनाने खाली यायचं, एवढंच.
कुठे पोट पडलं, कुठे मुरगळली,
की तेल वरच अडतं
आणि धुराड्यातून निळं होऊन बाहेर पडतं.

तिने किंमत विचारली. मी सांगितली.
ती म्हणाली, "चतुर्थीपर्यंत चालेल असं काही साधं नाही?"

आहे.
दोन हजार नऊ साली होतं, माझ्याकडेच होतं.
उसगावकरांच्या टिपरला मी रेडिएटरची काळी नळी
तेलाच्या परतीला लावली होती, आजच्यापुरती.
आज संपला तो धक्क्याच्या चढावर.
ड्रायव्हर देमू उडी मारून वाचला,
भुवया तेवढ्या गेल्या.
एक शब्द बोलला नाही मला.
अजून बाजारात भेटला
की चिकूचा भाव करता करता
भुवईवरून हळूच बोट फिरवतो.

म्हणून नाही, बाय. साधं काही नाही.

संध्याकाळपर्यंत काम चाललं.
तांब्याच्या चकत्या नव्या,
आत व्हायटॉनची परतीची नळी, वर काचतंतूचं मोजं,
कवचापासून दोन बोटं लांब,
उतार मी गोळी घरंगळवून बघावा तसा डोळ्याने बघितला.

किल्ली देताना सांगितलं:
घाट चढून आलीस की लगेच बंद करू नको.
धावताना ती इतकी तापत नाही
जितकी थांबल्यावर तापते.
तेल थांबतं, पाणी थांबतं,
आणि आतली आग एकटी राहते.

"किती वेळ?"
"मिनीटभर. दोन."
तिने मनात काहीतरी मोजलं.
"एक आमच्या बापा आणि तीन नमान मारिया," म्हणाली,
"तेवढं मी वर पोचल्यावर म्हणतेच."

तिची निळी नळी मी टाकली नाही.
मागच्या नळाच्या तुटक्या तोटीला सांधा म्हणून बसवली.
हात धुतो तिथे.
पहिले दोन दिवस पाण्यावर रंग तरंगले,
मग ती गप्प झाली.